व्हर्नचे दोन हत्ती आणि इतर जुनी साहसपुस्तकं

कणाढिला

दिवाळी अंकांच्या धाग्यावर जुन्या पुस्तकांचे बरेच वेडे भेटले, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. विषय: एकोणिसाव्या शतकातल्या साहसकादंबऱ्या, आणि त्याही त्याच काळात छापलेल्या. आजच्या पेपरबॅक प्रती नकोत, त्या सगळ्यांकडे असतात.

सुरुवात माझ्या खुळापासून. ज्युल व्हर्न आपण बहुतेकांनी मराठीत नाहीतर इंग्रजीत वाचला. पॅरिसहून निघालेली त्याची मूळ फ्रेंच पुस्तकं हा मात्र निराळाच ऐवज आहे. प्रकाशक पिएर-ज्युल एत्झेल. त्याने १८६३ मध्ये व्हर्नची फुग्यातल्या प्रवासाची कादंबरी काढली आणि मग दोघांनी मिळून दुकान मांडलं ते मांडलंच. एत्झेल १८८६ मध्ये गेला, मुलाने गादी सांभाळली, १९१४ मध्ये सगळं आशेत कंपनीकडे गेलं.

एत्झेलचा हिशेब पक्का. कथा आधी त्याने लहान मुलांसाठी चालवलेल्या पाक्षिकात क्रमशः. मग लहान आकाराचं, बिनचित्रांचं, साधं पुस्तक. आणि वर्षअखेरीला, मुलांना भेटी देण्याच्या दिवसांत, मोठ्या आकाराचं सचित्र पुस्तक: लाल, निळं नाहीतर हिरवं कापड, त्यावर काळे-सोनेरी ठसे, पानांच्या कडांना सोन्याचा मुलामा. समुद्राखालच्या वीस हजार कोसांची कथा पाक्षिकात १८६९-७० मध्ये आली, मध्ये प्रशियाशी युद्ध झालं, आणि द न्यूव्हिल व रिऊ यांच्या १११ चित्रांसह मोठं पुस्तक निघालं १८७१ च्या अखेरीस.

म्हणजे काटेकोर बोलायचं तर पहिली आवृत्ती ती लहान, बिनचित्रांची. पण बहुतेक जण जीव टाकतात ते मोठीवर. माझंही मत तेच. साहसकथा चित्रांसकटच लोकांच्या डोक्यात बसल्या, तेव्हा 'पहिली, पहिली' करत बिनचित्रांची प्रत कुलपात ठेवण्यात मला रस नाही.

माझ्याकडची प्रत 'ला मेझाँ आ व्हापर' (वाफेवरचं घर) या कादंबरीची, १८८० ची कथा, चित्रं लेओं बेनेटची. लाल कापड, उन्हाने कण्याचा रंग विटकरी झालाय, वरचा कोपरा ठेचलाय. मुखपृष्ठावर दोन हत्ती. चित्रं लाकडावर कोरलेली, प्रत्येकाखाली कथेतलं एक वाक्य. आणि पहिलं प्रकरण उघडतं कुठे? औरंगाबादेत! मार्च १८६७, गावात सरकारी जाहीरनामा लागलाय: नानासाहेब पेशव्यांना जिवंत वा मृत पकडून देणाऱ्याला दोन हजार पौंड.

तुमच्याकडे काय काय आहे, सांगा.

खारुताई

वाचनखूण साठवली. कणाढिलाभाऊ, एक शंका. हत्ती भारतावरच्या कादंबरीसाठी खास काढलेत का? आणि कादंबरीत हत्ती आहे का?

कणाढिला

खारुताई, सगळ्यांना हेच वाटतं आणि काही विक्रेते तसं सांगून दोन पैसे जास्त लावतात. हत्ती मालिकेचे आहेत. एकच ठसा, आत नाव बदलायचं. पाणबुडीवरच्या कादंबरीलाही तेच दोन हत्ती, चंद्रावरच्या स्वारीलाही तेच. पुढे दीपस्तंभ, सोनेरी पृथ्वीगोल, आगबोट असे ठसे आले. फ्रान्समधले संग्राहक पुस्तक ओळखतात ते या ठशांच्या नावाने: 'दोन हत्तीवालं', 'दीपस्तंभाच्या कण्याचं'.

कादंबरीत हत्ती आहे आणि कसला! वाफेवर चालणारा पोलादी हत्ती, सोंडेतून धूर सोडतो आणि मागे चाकांवरचे दोन बंगले ओढत कलकत्त्याहून उत्तरेकडे निघतो. बेनेटने तो काढलाय बघण्यासारखा. बेनेट स्वतः फ्रेंच सरकारी नोकर, नोकरीपायी वसाहतींतून फिरलेला, त्यामुळे त्याची झाडं झाडांसारखी दिसतात.

बिठूरकर

पुस्तक सुंदर असेल, पण मजकुराचं काय? त्यात नानासाहेब खलनायक आहेत. झाशीच्या राणीला मारणारा कर्नल मन्रो हा नायक. असलं पुस्तक सोन्याच्या कडा बघून कपाटात मिरवायचं? मला नाही पटत.

आणि बक्षीस दोन हजार पौंड हेही व्हर्नच्या मनचं. इंग्रजांनी नानासाहेबांवर लावलं होतं एक लाख रुपये. दोन शिलिंगाला रुपया धरा, दहा हजार पौंड होतात. कादंबरीतसुद्धा स्वस्तात काढलं!

कणाढिला

बक्षिसाचा हिशेब आवडला. बाकी आक्षेपही खरा आहे, मी नाकारत नाही. कानपूरची बाजू व्हर्नने इंग्रजी कागदपत्रांच्या चष्म्यातून पाहिली. पण हाच माणूस काही वर्षांपूर्वी पाणबुडीवाल्या कॅप्टन निमोला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार करतो, १८५७ च्या उठावात लढलेला, इंग्रजांमुळे घरदार गमावलेला. तेही एत्झेलच्याच छापखान्यातून, मुलांसाठीच. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की लेखकाची ओढाताण दिसते. मी मिरवायला ठेवत नाही. पण १८८० च्या पॅरिसमधल्या पोरांना नाताळात पेशव्यांची कुठली गोष्ट हातात मिळत होती, हे त्या काळच्या छापील पानावरच बघायला हवं असं मला वाटतं.

बिठूरकर

हे चालेल. तरी माझ्या कपाटात नको.

ऱ्होनकाठी

लिओंहून लिहितेय. कधी पॅरिसला आलात तर पंधराव्या विभागात जॉर्ज ब्रासां बागेच्या कडेला शनिवार-रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथे जरूर जा. जुन्या घोडेबाजाराचे लोखंडी मांडव आहेत, त्याखाली टेबलं. सेन नदीकाठच्या हिरव्या पेट्यांपेक्षा इथे बघायला जास्त मिळतं आणि विक्रेते हातात घेऊन चाळू देतात. पुस्तक मधोमध उताणं उघडू नका, कणा तडकतो आणि विक्रेताही.

एक सावधगिरी. १९७० च्या दशकात मिशेल द लॉर्मरे नावाच्या प्रकाशकाने व्हर्नची पुस्तकं हुबेहूब एत्झेलच्या थाटात पुन्हा काढली. तीच चित्रं, तोच लाल-सोनेरी थाट. त्यात लबाडी काही नव्हती, प्रकाशकाचं नाव आत छापलेलं आहे. पण ऑनलाइन फोटोत फक्त मुखपृष्ठ दाखवून 'जुना एत्झेल' म्हणून विकणारे आहेत. सोनं फार झगझगीत, कापड एकसारखं, कागद पांढराफटक, की समजा. शीर्षकपानाचा फोटो मागायचाच. खऱ्या प्रतीवर 'जे. एत्झेल' आणि '१८, र्‍यू जाकोब' असा पत्ता बघा.

मोठ्या पुस्तकांवर पुष्कळदा साल छापलेलं नसतं. मग शेवटी जोडलेली प्रकाशकाची जाहिरात-यादी बघायची. यादीत १८८९ ची कादंबरी असेल तर पुस्तक १८८० चं कसं असेल?

कणाढिला

+१. यादी फाडून टाकलेली प्रत दिसली की मी आधी कारण विचारतो.

ऱ्होनकाठी

आणि बघायचंच असेल तर आमियाँला व्हर्नचं घर आहे. इटलीतले संग्राहक पिएरो गोंदोलो देल्ला रिव्हा यांनी आयुष्यभर जमवलेला व्हर्नचा संग्रह २००० साली त्या शहराने घेतला. ठशांचे सगळे प्रकार तिथे बघितले की आपली प्रत घरी गरीब वाटायला लागते. जपून जा.

पिवळीपानं

मी यातला नाही, पण एक मदत हवी. आजोबांच्या ट्रंकेत स्टीव्हन्सनची खजिन्याच्या बेटाची इंग्रजी प्रत सापडली. कॅसल कंपनी, लंडन. शीर्षकपानाचा खालचा भाग उंदराने खाल्लाय, त्यामुळे साल गेलं. सुरुवातीला नकाशा आहे, आत चित्रं आहेत. एका दुकानदाराने फोनवरच '१८८३ ची पहिली आवृत्ती' म्हणून सांगितलं आणि लगेच घ्यायला येतो म्हणाला. काय करू?

शिळाछाप

पिवळीपानं, त्याला थांबवा. आणि प्रतीला हात लावण्याआधी पंखा बंद करा, पानांचे तुकडे उडतील.

१८८३ ची पहिली आवृत्ती म्हणजे काय ते सांगतो. स्टीव्हन्सनने १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये सावत्र मुलाबरोबर बेटाचा नकाशा काढला आणि त्या नकाशातून कथा सुचली. ती 'यंग फोक्स' साप्ताहिकात 'कॅप्टन जॉर्ज नॉर्थ' या टोपणनावाने आली, फारसं कोणी लक्ष दिलं नाही. मग कॅसलने शंभर पौंड देऊन पुस्तक घेतलं. नकाशा टपालात हरवला! कथेवरून मागे जाऊन, वडिलांच्या कचेरीत बसून नवा नकाशा तयार करावा लागला. पुस्तकात आहे तो हा दुसरा, आणि स्टीव्हन्सनचं त्यावर कधी मन बसलं नाही.

नोव्हेंबर १८८३ मध्ये पुस्तक निघालं. अगदी आधीच्या प्रती छपाईतल्या चुकांवरून ओळखतात. पान २ आणि ७ वर गाण्यातल्या 'डेड मॅन्स चेस्ट'ला मोठी अक्षरं नाहीत. पान ४० वर 'व्हेन'च्या (vain) जागी 'रेन' (rain) पडलंय. शेवटच्या जाहिरातींवर छपाईची खूण असते, तीही बघतात.

पण तुमच्या बाबतीत इतकं खोल जायची गरज नाही. १८८३ च्या पुस्तकात नकाशा सोडून एकही चित्र नाही. तुमच्यात चित्रं आहेत म्हणताय. चित्राच्या कोपऱ्यात सही दिसते का बघा.

रात्रपाळी

चुकांवरून किंमत ठरते हे मला आजवर कळलेलं नाही. चुकीचं छापलेलं महाग आणि दुरुस्त केलेलं स्वस्त?

शिळाछाप

चूक ही फक्त तारखेची खूण हो. यंत्र थांबवून दुरुस्ती केली, म्हणजे चुकीची पानं आधीची. हॅगार्डच्या सॉलोमन राजाच्या खाणींच्या पुस्तकातही तेच, १८८५, पुन्हा कॅसलच. पान ३०७ वर 'वर्ड'ची अक्षरं उलटीपालटी होऊन 'व्रॉड' झालंय, ते शोधत लोक भिंग घेऊन बसतात.

हॅगार्डची गोष्ट मजेची आहे. खजिन्याच्या बेटाएवढं चांगलं पुस्तक तू लिहू शकणार नाहीस, अशी भावाने शिलिंगाची पैज लावली आणि यांनी काही आठवड्यांत लिहून काढलं. कॅसलने दोन पर्याय ठेवले: रोख शंभर पौंड, नाहीतर दहा टक्के मानधन. हा शंभर घ्यायला निघाला होता. संपादक खोलीबाहेर गेल्यावर कोपऱ्यातला कारकून हळूच म्हणाला, साहेब, टक्केवारी घ्या. घेतली, आणि जन्माचं भलं झालं. त्या कारकुनाचं नाव कुठे मिळत नाही, मिळालं तर मी फोटो लावीन.

या पुस्तकातही सुरुवातीला घडीचा रंगीत नकाशा आहे, फडक्यावर रक्ताने काढल्यासारखा. सगळ्यात आधी फाटतो तो हाच. नकाशा नसलेली प्रत वाचायला ठीक, पण संग्रहासाठी मी घेणार नाही.

फलाटदोन

सगळे लंडन-पॅरिसला पोहोचलात, जरा अलाहाबादला या! किपलिंगचं 'इंडियन रेल्वे लायब्ररी'. १८८८, ए. एच. व्हीलर आणि कंपनी, रेल्वे स्टेशनांवर विकायला काढलेली सहा पातळ पुस्तकं, किंमत रुपया. राजा व्हायला निघालेल्या दोन इंग्रजांची कथा पुस्तकात पहिल्यांदा आली ती याच मालिकेतल्या पाचव्या क्रमांकात. कागदी वेष्टनं, त्यावरची चित्रं लाहोरच्या कलाशाळेतली. प्रवासात वाचायचं आणि सीटखाली टाकून उतरायचं, त्यासाठीच काढलेली. त्यामुळे वेष्टनासकट धड प्रत मिळणं किती अवघड, विचार करा.

आपल्याकडे जुन्या बाजारात जास्त दिसतात त्या वसाहतींसाठीच्या आवृत्त्या. मॅकमिलनने १८८६ पासून अशी मालिका काढली, मग इतरांनी. आत स्पष्ट छापलेलं असतं की ही प्रत फक्त हिंदुस्थान आणि ब्रिटिश वसाहतींत विक्रीसाठी. स्वस्त कागद, साधी बांधणी. इंग्रज संग्राहक पूर्वी नाक मुरडायचे. माझं म्हणणं, आपल्या आजा-पणजांनी साहसकथा वाचल्या त्या याच रूपात. मी दुसरं काही जमवतच नाही. वर कुणाची तरी सही, शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी असेल तर फारच उत्तम.

खारुताई

शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी म्हणजे पुस्तक खराब नाही का धरत?

फलाटदोन

लंडनचा विक्रेता धरेल. मी नाही.

देवगडकर

कोकणात राहून जुनी पुस्तकं सांभाळणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. दोन गोष्टी सांगतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आतल्या दमटपणाने बुरशी येते. कपाट भिंतीला चिकटवू नका. कसर लागलीच तर पुस्तक कोरडं असताना पिशवीत हवाबंद करून काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं, मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. घरच्यांशी आधी बोलून घ्या, तिथे सुरमई असते.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणाऱ्याला माझ्या घरात चहा मिळत नाही. गव्हाची खळ आणि पातळ जपानी कागद, बस. फेव्हिकॉल लावला की पुन्हा सोडवता येत नाही.

शिळाछाप

यात भर. इंग्रजी पुस्तकांच्या १८४०-६० च्या सुमारास वापरलेल्या भडक हिरव्या कापडात कधी कधी सोमलाचा (आर्सेनिकचा) रंग असतो. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने तपासून यादी केली आहे, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेही काही प्रती वाचकांपासून बाजूला काढल्या. घाबरायचं कारण नाही, पण अशी प्रत हाताळल्यावर हात धुवा आणि थुंकी लावून पानं उलटू नका. तेवढं एरवीही नका.

माळ्यावरची

रसभंग करते. एत्झेल आणि कॅसलवर इतकं चाललंय, मराठी साहसकथांच्या जुन्या प्रती कोण सांभाळतंय? भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, 'चंद्रावर स्वारी', 'समुद्र सैतान'. आमच्या पिढीला निमो त्यांच्यामुळे भेटला. त्याच्या जुन्या प्रती आज शोधा, दमछाक होईल. शाळांच्या ग्रंथालयांनी 'जीर्ण' शिक्का मारून रद्दीत घातल्या. पुढे नव्याने छापलं गेलं हे चांगलंच, पण जुनी मुखपृष्ठं, आतली रेखाचित्रं गेली ती गेली. नाथमाधवांच्या 'वीरधवल'च्या जुन्या प्रतींचंही तेच. युरोपातल्या पुस्तकाला विमानाने आणणारे आपण, रद्दीवाल्याकडे मात्र वाकून बघत नाही.

कणाढिला

टोला लागला, आणि योग्य ठिकाणी. माझ्याकडे भागवतांच्या दोन जुन्या प्रती आहेत, एकीला मुखपृष्ठ नाही. ज्यांच्याकडे धड मुखपृष्ठ असेल त्यांनी नुसता चांगला स्कॅन पाठवला तरी पुरे. माळ्यावरची, मराठीसाठी तुम्ही वेगळा धागा काढा, इथलं तिकडे हलवू.

माळ्यावरची

काढते. पण प्रकाशनाचं पान आणि किंमत छापलेलं पान यांचेही फोटो टाकायचे, नुसती आठवण नको.

रात्रपाळी

अवांतर: अमेरिकेतल्या बहिणीला फलाटदोन म्हणतात तसली जुनी प्रत भेट द्यायची आहे. सामानात टाकून नेता येईल ना?

फलाटदोन

बेधडक टाकू नका. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा. छापील कादंबरी त्यात मोडते की नाही हे विमानतळावर वाद घालून ठरवण्यापेक्षा आधी पुरातत्त्व खात्याकडून लेखी घेतलेलं बरं.

पिवळीपानं

शिळाछाप, चित्रं तपासली. बऱ्याच चित्रांच्या कोपऱ्यात 'जी. रू' अशी सही आहे. पान ४० वर 'व्हेन' बरोबर आहे. म्हणजे गेलं का सगळं?

शिळाछाप

गेलं कसलं! आता कणाढिलाही उठून बसतील. जॉर्ज रू हा एत्झेलचा चित्रकार. व्हर्नच्या कादंबऱ्यांना चित्रं काढणारा. एत्झेलने १८८५ मध्ये खजिन्याचं बेट फ्रेंचमध्ये काढलं, त्यासाठी रूने ही चित्रं केली, आणि कॅसलने तीच घेऊन त्याच वर्षी लंडनमध्ये सचित्र आवृत्ती काढली. तुमची प्रत त्या आवृत्तीची, किंवा तिच्या पुढच्या छपाईची. साल जाहिरातींवरून काढू.

स्टीव्हन्सनला ही चित्रं फार आवडली होती. त्याने वडिलांना पत्रात तसं लिहिलं, फक्त एक-दोन बारीक चुका काढल्या, त्यातली एक अशी: हिस्पॅनिओला हे जहाज त्याच्या कथेत स्कूनर आहे, रूने ते ब्रिग काढलं. जहाजाचं पूर्ण चित्र असेल तर बघा, दोन्ही डोलकाठ्यांवर आडव्या दांड्यांना चौकोनी शिडं दिसतील.

पिवळीपानं

आहेत! दोन्ही डोलकाठ्यांवर. देवगडकर, तुम्हीच सांगा, ही ब्रिगच ना? फोटो जोडतोय.

देवगडकर

ब्रिगच. स्कूनरची शिडं मागेपुढे, जहाजाच्या लांबीला धरून असतात.

कणाढिला

उठून बसलोय. दुकानदाराला नाही सांगा. आणि शेवटच्या जाहिरातींच्या सगळ्या पानांचे फोटो टाका, खालच्या बारीक अक्षरांसकट. उंदराने खाल्लेलं पान चिकटवायची घाई नको, देवगडकरांची खळ तयार होईपर्यंत दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा.